सारखी बोटं

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं म्हणतात. काजळताईंनी तो आयुष्यभर उगाळला आणि त्यांच्या नखात कधी काळं दिसलं नाही. तपासणी केंद्रातले लोक यावरून त्यांची थट्टा करायचे. त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "काळं लागायला हात लावावा लागतो. मी लावतच नाही."

हात न लावणं हाच त्यांचा धंदा होता.

केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामाचा अर्धा भाग. पुढे साहेबांचं टेबल, मधे अवजारांची कपाटं आणि मागे एक खोली. तिच्या भिंतींना, छताला आणि दाराच्या आतल्या अंगालाही काळ्या स्पंजचे सुळके चिकटवलेले. त्या खोलीत बोललेलं तिथंच जिरायचं, आणि मायक्रोवेव्हच्या लहरीही तिथंच जिरायच्या. कारखानदार आपल्या भट्ट्यांची दारं, अँटेना, वाळवणयंत्रांचे भाग घेऊन यायचे आणि फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारायचे: लहरी जिथं जायला हव्यात तिथंच जातात ना, की बाहेर सांडतात?

लहरींना रंग नाही, वास नाही, आवाज नाही. मीटर असतो, पण तो जिथं धराल तिथलाच आकडा सांगतो. वीतभर पलीकडे काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून काजळताईंचा कागद. 'कागद' ही बोलायची पद्धत. खरा तो कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ प्लास्टिकचा पडदा. त्यावर काजळीचा एकसारखा लेप द्यायचा आणि तो लाकडी चौकटीवर ताणायचा. चौकटीत खिळा नाही, स्क्रू नाही, सगळे सांधे डिंकाचे, कारण धातू आला की लहरी भरकटतात. काजळी जास्त झाली तर कागद आरशासारखा लहरी परत फेकतो, कमी झाली तर ढिम्म तापत नाही. नेमकी जमली, तर जिथं लहर जोरात तिथं कागद केसभर जास्त तापतो. तळहाताला कळणारही नाही इतका. मागे तिकाटण्यावर बसवलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मात्र ऊब सोडून दुसरं काही दिसतच नाही. त्याच्या स्क्रीनवर निळ्या कागदावर पिवळे, तांबडे पट्टे उमटतात, आणि जे कुणाला कधी दिसलं नसतं ते सगळ्यांना दिसतं.

अडचण एवढीच, की कॅमेऱ्याला लहरीची ऊब आणि माणसाची ऊब यातला फरक कळत नाही. एकदा एका कारखानदाराला स्क्रीनवर भट्टीच्या चकचकीत पत्र्यात माणूस दिसला. "आत कोण आहे?" असं ते किंचाळलेच. काजळताई म्हणाल्या, "तुम्हीच आहात. जरा बाजूला व्हा, भूत जाईल." कागदाला कुणी बोट लावलं तर बोट काढल्यावरही त्याचा ठसा पिवळाजर्द दिसत राहायचा. पापुद्रा पातळ, त्यामुळे तो थोड्या वेळात विरायचा, पण विरेपर्यंत थांबावं लागायचं. म्हणून ताईंच्या खोलीत शिरणाऱ्याला पहिला हुकूम असायचा, "हात पाठीमागे." मोठमोठे इंजिनियर शाळेत शिक्षा झाल्यासारखे हात मागे बांधून उभे राहायचे.

दुसरा नियम वजाबाकीचा. यंत्र बंद असताना एक चित्र घ्यायचं, ते 'आधीचं'. यंत्र चालू करून दुसरं, ते 'नंतरचं'. नंतरच्यातून आधीचं वजा केलं की उरेल ते यंत्राचं. भिंत तापलेली असेल, शेजारून गरम पाण्याचा नळ गेला असेल, दुपारचं ऊन कागदावर पडत असेल, ते सगळं वजाबाकीत निघून जातं. नव्या माणसाला हे समजावताना ताईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "जे आधीपासूनचं आहे, ते यंत्राच्या माथी मारायचं नाही."

घरी त्यांची धाकटी बहीण होती. तिचं नाव कुणी घेत नसे. लहानपणी सतत पिरपिर करायची म्हणून ती पिरी झाली आणि चाळिशीपर्यंत पिरीच राहिली. थोरलीचा नवरा लवकर गेला, धाकटीनं लग्नाचं मनावर घेतलं नाही. आई होती तोवर तिघी आणि आईनंतर दोघी, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. खालून शिलाई यंत्राची खडखड यायची आणि पिरीला तिचाही त्रास व्हायचा. उशी कडक आहे, जिन्याची पायरी उंच आहे, चहाला दुधाचा वास येतो, शेजारीण मुद्दाम जोरात खोकते. ताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि कशाकडेच लक्ष द्यायच्या नाहीत. आई दोघींकडे बघून म्हणायची, "हाताची पाची बोटं सारखी नसतात." कौतुक कुणाचं आणि बोल कुणाला, हे दोघींनाही कळायचं.

पिरी पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या कारखान्यात कामाला होती. कापडाचे तागे ज्या नळ्यांवर गुंडाळतात त्या नळ्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या डिंक लावून गुंडाळायच्या आणि ओल्या नळ्या सरकत्या पट्ट्यावरून मायक्रोवेव्हच्या बोगद्यात सोडायच्या. दुसऱ्या तोंडानं त्या वाळून बाहेर पडायच्या. पिरी त्या दुसऱ्या तोंडापाशी उभी राहून नळ्या उचलायची, ठोकून पाहायची आणि रचायची.

एका संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "ताई, तिथं उभं राहिलं की माझ्या चष्म्याची दांडी गरम होते."

"बोगद्यातून गरम नळ्या येतात. दांडी काय थंड होईल?"

"नळ्यांची ऊब समोरून येते गं. ही बाजूनं येते. उजवीकडची एकच दांडी तापते."

"मागच्या महिन्यात डावा खांदा होता."

"खांदा वेगळा. तो उशीमुळे." पिरीनं देठ मोडला. "तुझं काम दुसऱ्यांची यंत्रं बघायचं. एकदा आमचं बघ की. तू बघितलंस आणि काही नाही म्हणालीस, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

हे शेवटचं वाक्य ताईंनी आमिषासारखं उचललं. साहेबांशी बोलून त्यांनी कारखान्याची तपासणी ठरवली. पिरीला आणखी काही नको होतं. आयुष्यात एकदा तिची तक्रार कुणी नीट तपासून पाहावी, एवढंच.

कारखान्यानं जेवणाच्या सुट्टीपुरता बोगदा द्यायचं कबूल केलं. यंत्राची जबाबदारी एका मिस्त्रीकडे होती. गोल पोटाचा, तोंडाळ, पण कामाला वाघ. काजळताई चौकट घेऊन आल्या तेव्हा तो पिरीकडे बघून म्हणाला, "काय, अख्खं माहेर घेऊन आलात का तक्रार करायला?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. पिरीही हसली. ताई हसल्या नाहीत. बहिणीसाठी आलोय असं कुणाला वाटू नये, याची त्यांना आल्यापासून धास्ती होती. त्यामुळे त्या नेहमीपेक्षाही कोरड्या वागत होत्या आणि सख्ख्या बहिणीला "तुम्ही जरा बाजूला व्हा" म्हणत होत्या.

पिरी जिथं उभी राहायची नेमकी तिथं, तिच्या तोंडाच्या उंचीवर चौकट लावायची होती. जड नव्हती, पण जागा अडचणीची. पिरीनं एक बाजू धरली.

"लाकडाला धर. कागदाला हात लावू नकोस."

"कळतंय मला."

चौकट उभी राहिली. ताई कॅमेऱ्यामागे गेल्या आणि त्यांनी मिस्त्रीला हाक मारली, "बंद आहे ना?"

"बंद केलंय, मॅडम. बघा की, पट्टा हालतोय का?"

पट्टा हालत नव्हता. ताईंनी आधीचं चित्र घेतलं. निळ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पाच पिवळट पट्टे दिसत होते. एकाशेजारी एक, पसरलेल्या पंजाची बोटं असावीत तसे. पिरीनं चौकट धरली होती तीच बाजू.

"पिरे, कागदाला हात लावलास ना?"

"नाही लावला."

"मग ही बोटं कुणाची?"

पिरी स्क्रीनजवळ आली आणि तिनं वाकून बघितलं. "माझी नाहीत. मी लाकडालाच धरलं होतं, आईशप्पथ."

मिस्त्री मागून म्हणाला, "मग भुताची असतील." बायका पुन्हा हसल्या.

इथं ताईंनी थांबायला हवं होतं. कुणाची बोटं आहेत यावर वाद घालायचा नाही, ठसा विरू द्यायचा आणि आधीचं चित्र पुन्हा घ्यायचं, हा नियम त्यांचाच. पण सुट्टी संपत आली होती. मिस्त्री घड्याळाकडे आणि मग त्यांच्याकडे बघत होता. त्यात बहीण सगळ्यांसमोर उलट बोलत होती. आणि वजाबाकी होतीच की. ठसा आधीच्यातही आहे, नंतरच्यातही असेल, वजा होऊन जाईल. "चालू करा," त्या म्हणाल्या.

बोगदा सुरू झाला. नंतरचं चित्र घेतलं. वजा केलं. स्क्रीनवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळं, धुतल्यासारखं. मग रीत म्हणून मीटर बोगद्याच्या मोठ्या दाराच्या कडांनी फिरवला, तिथंही काही नव्हतं. पिरीच्या जागेच्या उजवीकडे साफसफाईची एक छोटी झडप होती. तिच्यावरून मीटर फिरवला नाही, कारण चित्रात त्या बाजूला काही उरलंच नव्हतं.

"गळती नाही," ताई म्हणाल्या.

"मी म्हणत नव्हतो?" मिस्त्री म्हणाला. "बाईंच्या डोक्यातच ऊब आहे."

दोघी घरी परतत होत्या. पिरी म्हणाली, "मी खरंच हात लावला नव्हता."

"बरं."

"बरं काय? लावला की नाही लावला?"

"पिरे, मी बोटं बघितली ना डोळ्यांनी."

पिरी शब्दाला जागली. चष्म्याच्या दांडीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. नवल म्हणजे उशी, पायरी, शेजारीण यांचेही विषय हळूहळू कमी झाले. ताईंना घर शांत वाटू लागलं. केंद्रात कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "आमच्या पिरीला एकच औषध लागू पडलं, पुरावा." पिरी तिकडे रोज त्याच जागी उभी राहून नळ्या उचलत होती. जागा बदलून मागायचा विचार तिनं सोडून दिला होता. ताईनं स्वतः बघितलंय म्हटल्यावर आणखी काय मागायचं?

दोन-एक वर्षांनी तिला जिन्याच्या दिव्याभोवती खळं दिसू लागलं. नळीवरचा डिंकाचा ओघळ उजव्या डोळ्याला दिसेना. ती कुणाला बोलली नाही. बोलली तेव्हा तिच्या नजरेतून सुटलेला माल कारखान्यात परत आला होता आणि ताईंना कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, भराभर बोलायचे. "मोतीबिंदू आहे. उजवा पिकत आलाय, डाव्यात सुरुवात आहे."

"या वयात?" ताईंनी विचारलं.

"होतो कधी कधी. साखर आहे का? डोळ्याला मार बसला होता? कुठलं औषध बरेच दिवस घेतलंय?" प्रत्येक प्रश्नाला पिरी मान हलवत होती. "काम काय करता?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं. "मायक्रोवेव्ह? गळती वगैरे होती का तिथं?"

"नाही," पिरी म्हणाली. "माझ्या बहिणीनं तपासलंय."

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान डोलावली. त्या क्षणी त्यांना थोडा अभिमानच वाटला, हे त्यांना नंतर बरेच दिवस विसरता आलं नाही.

उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. पिरीनं रजा घेतली. त्याच सुमारास कारखान्याकडून फेरतपासणीचं बोलावणं आलं. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. ताई म्हणाल्या, "मागची मी केलीय, हीही मीच करते."

गोल पोटाचा मिस्त्री दरम्यान दुसरीकडे गेला होता. त्याच्या जागी एक किडकिडीत, हळू बोलणारी बाई होती. ती यंत्राशी बोलल्यासारखं स्वतःशीच पुटपुटायची. ताईंनी एकटीनं चौकट उचलली आणि पिरीच्या जागी लावली. हात लाकडालाच होते, त्यांनी दोनदा बघून घेतलं. जवळपास दुसरं कुणी नव्हतं. कॅमेऱ्यामागे जाऊन त्या म्हणाल्या, "बंद करा."

"काय बंद करू? पट्टा की सगळं?"

"म्हणजे?"

"इथं बंद म्हणजे पट्टा आणि लहरी सोडणारं मोठं हेड बंद. छोटं हेड आम्ही चालूच ठेवतो, पार शेवटाला आहे ते. ते बंद केलं की बोगद्याचं तोंड ओलं राहतं आणि पुन्हा सुरू करताना नळ्या चिकटतात. पहिल्यापासून तशीच पद्धत आहे." तिनं बटणावर हात ठेवला. "सगळं करायचं असेल तर सगळं करते."

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी तुमचं नेहमीचं बंद करा."

पट्टा थांबला. मोठ्या हेडचा घुमणारा आवाज गेला. ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. निळ्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पाच पिवळट पट्टे उमटत होते. एकाशेजारी एक, पसरलेल्या पंजाची बोटं असावीत तसे.

कागदाला कुणाचाच हात लागला नव्हता.

या वेळी त्या थांबल्या. बोटांचे ठसे विरतात. हे विरेनात. बाई म्हणाली, "काही चुकलं का?" ताई पट्टे बघत होत्या, आणि आता त्यांना जे दिसत होतं ते तेव्हाही तिथं होतंच. पाची पट्टे सारखे होते. सारख्या लांबीचे, सारख्या जाडीचे, दोघांमधलं अंतरही सारखं. त्यात अंगठा नव्हता, करंगळी नव्हती. पत्र्यावर आपटून परतणारी लहर आणि नवी येणारी लहर एकमेकींत मिसळली की अशीच रांग पडते; काळ्या सुळक्यांच्या खोलीबाहेरच तिचं चित्र भिंतीवर लावलेलं होतं, नव्या माणसांना दाखवायला. हाताची पाची बोटं सारखी नसतात, हे त्या जन्मापासून ऐकत आल्या होत्या.

"आता सगळं बंद करा," त्या म्हणाल्या.

छोटं हेड बंद झालं आणि पट्टे पुसल्यासारखे गेले.

मग त्यांनी छोटं हेड पुन्हा चालू करायला लावलं, मीटर घेतला आणि झडपेच्या कडेनं फिरवला. झडपेच्या जाळीदार धातूच्या पट्टीला एका अंगानं झिजून फट पडली होती. नखही शिरणार नाही इतकी. मीटर तिथं अडकल्यासारखा चढला. झडप उजव्या हाताला ठेवून माणूस उभा राहिला तर त्याचं डोकं कुठं येईल, हे त्यांना मोजावं लागलं नाही. चौकट तिथंच उभी होती.

कारखान्यानं त्याच दिवशी पट्टी बदलली, छोटं हेड पट्ट्याच्या बटणाला जोडून घेतलं आणि कामगारांना समजावून सांगितलं. साहेबांना ताईंनी सगळं सांगितलं, मागच्या वेळचंही. साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. "मिस्त्री बंद म्हणाला होता ना?"

"म्हणाला होता."

"मग यात तुमची चूक काय?"

"पट्टे चुकीचे वाचले मी."

"ताई, कुणीही बोटंच म्हटलं असतं."

"एकजण 'बोटं नाहीत' म्हणाली होती," ताई म्हणाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या. ते म्हणाले, गळतीनं झालं असू शकतं, नसूही शकतं. चाळिशीत कारण नसतानाही होतो. आता सिद्ध करायला काही मार्ग नाही, आणि उपचार तोच राहणार. त्यांनी हे दिलासा म्हणून सांगितलं. ताईंना त्यातलं "असू शकतं" एवढंच घरी घेऊन जाता आलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. चौथ्या-पाचव्या सकाळी पिरी खिडकीशी बसली होती, डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर शेंगांचं ताट. डोळ्यावर ताण नको म्हणून तिला दुसरं काम दिलं नव्हतं आणि शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत. खाली शिलाई यंत्र खडखडत होतं. ताईंनी चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या,

"तू हात लावला नव्हतास."

पिरीच्या बोटांतली शेंग थांबली. कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही.

ताईंनी सगळं सांगितलं. बंद म्हणजे काय, छोटं हेड, झडप, सारखे पट्टे. केंद्रात नव्या माणसाला ज्या क्रमानं समजावत त्याच क्रमानं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हात पाठीमागे बांधून उभ्या आहोत.

"म्हणजे दांडी तापत होती," पिरी म्हणाली.

"हो."

"उजवीच."

"उजवीच."

"आणि मी तुला म्हटलं, मी हात लावला नाही. शपथ घेतली आईची."

"हो."

पिरीनं शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. "ठसा विरायला किती वेळ लागतो गं?"

"फार नाही. तू हा चहा थंड करून पिशील तेवढासुद्धा नाही."

"तेवढं थांबली असतीस तर विरला नसता. कळलं असतं तुला."

"हो."

"मिस्त्रीनं फसवलं, सुट्टी संपत होती, ते मी समजू शकते." पिरी शांतपणे बोलत होती. तिच्या बोलण्यात पिरपिर नव्हती, आणि ताईंना ती हवी होती. "पण ताई, एखादी परकी बाई तिथं असती आणि तिनं 'नाही लावला' म्हटलं असतं, तर थांबली असतीस ना तू?"

ताईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "थांबले असते."

"तेच." पिरीनं पुढची शेंग घेतली. "मी आधीपासूनचीच अशी. वजा केलंस मला."

ताईंनी खूप बोलायचं ठरवलं होतं; तेवढ्यानं सगळं संपलं. पिरीनं चहा प्यायला. दुधाला वास आहे की नाही, यावर ती काही बोलली नाही.

कारखान्यानं तिला वेष्टनाच्या खोलीत बसायचं काम दिलं. उजव्या डोळ्याला आता लांबचं चांगलं दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही. डाव्याचं पुढं बघू, असं डॉक्टर म्हणतात. केंद्रात काजळताई अजून कागद करतात. नव्या माणसाला नियम सांगताना त्या हल्ली आधी विचारतात, "बंद म्हणजे तुमच्याकडे काय काय बंद?" लोकांना वाटतं, वयानं बाईंची चिकित्सा वाढलीय. आधीपासूनचं यंत्राच्या माथी मारू नये, हे वाक्य मात्र त्यांनी सोडून दिलंय.

घरी त्या रोज संध्याकाळी विचारतात, "काही दुखतंय का? कसला त्रास?"

पिरी म्हणते, "नाही." नव्या डोळ्यात थेंब घालायची वेळ होते. ती मान मागे टाकते, पापणी एका बोटानं ओढते आणि बाटली धरते. पहिला थेंब गालावर पडतो, दुसराही. ताई उठतात, पुढे होतात.

"हात नको लावूस, ताई," पिरी म्हणते. आवाज चढलेला नसतो. "मी घालते."

ताई हात मागे घेतात आणि तिसरा थेंब नीट पडेपर्यंत तिथंच थांबतात.